तेराशे पाच-स्टार आणि एक ओला बिबडा

मंडळी, एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या. गेल्या महिन्याभरात 'आपल्या माणसाचं आहे, लाइक करा', 'आपल्या पोराला पाच स्टार टाका आणि स्क्रीनशॉट पाठवा' असे किती निरोप तुमच्या मोबाईलवर आले? आणि त्यातलं किती तुम्ही उघडून पाहिलंत? हं! वाटलंच मला. लाजू नका, मीही त्यातलाच. म्हणून तर ही गोष्ट सांगायला बसलोय.

जळगावची कामिनी भंगाळे या कामात चांगली तरबेज झाली होती. दिवसा ती एका खाजगी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव बघायची आणि उरलेला सगळा जीव मोबाईलवरच्या छोट्या छोट्या गेमांवर. ते धडाधड गोळ्या झाडणारे, कंपन्यांनी कोट्यवधी ओतून काढलेले गेम नव्हेत हं! एखाद्याने, फार तर दोघांनी घरात बसून बनवलेले, चहा उकळेपर्यंत एक डाव होईल असे गेम. ती ते खेळायची आणि 'मोकळा डाव' नावाच्या आपल्या पानावर त्यांच्याबद्दल मराठीत लिहायची. दर रविवारी एक लेख. लिहायची पण काय बहारदार! वाचणारा हातातलं काम टाकून गेम शोधायला लागायचा.

सुरुवातीला ती खरं लिहायची. पण एकदा भुसावळच्या एका मुलाने क्रिकेटचा गेम केला, आणि हिने लिहिलं की चेंडू बॅटमधून आरपार जातो. जात होता बरं का, अगदी धडधडीत! तरी काय वादळ उठलं! 'आपल्याच माणसाचे पाय ओढता?' 'बाहेरच्यांची वाहवा आणि घरच्यांची निंदा?' दोन दिवसांत तीनशे वाचक पान सोडून गेले. त्या दिवसापासून बाईंनी धडा घेतला, आणि चुकीचा घेतला. आता जो येईल तो गेम जबरदस्त, अफलातून, पाच स्टार! वाचक वाढले, सत्कार झाला, एका शाळेने शालसुद्धा दिली.

तर एप्रिलच्या मध्यावर 'आपलं खान्देश' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोताराम नानांचा निरोप आला. नाना म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, ग्रुपचे कर्तेधर्ते. 'धुळ्याच्या हितेंद्र देवरे याने एकट्याने दोन वर्षे खपून वाळवण हा गेम बनवला आहे. आपल्या मातीतला गेम! प्रत्येकाने पाच स्टार द्यावेत व स्क्रीनशॉट येथे टाकावा. कामिनीताईंनी लेख लिहावा.'

दिवसभर स्क्रीनशॉटांचा पाऊस! कामिनीने जेवणाच्या सुट्टीत गेम उघडला. गच्चीवर खाटा मांडलेल्या, खाटांवर ओली फडकी, फडक्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आपले खान्देशी पापड, थापायचे. मग त्यांची राखण करायची. कावळा आला की हाकलायचा, शेळी आली की दामटायची, वावटळ आली की फडक्याच्या कडांवर विटा ठेवायच्या. सगळे बिबडे वाळले की पुढची लेव्हल. गेम गोड होता, यात शंकाच नाही! तिने चहासोबत तीन लेव्हल खेळल्या आणि घंटा झाली. मग टेबलाखाली मोबाईल धरून वीस मिनिटांत लेख हातावेगळा केला. शेवटी एक झकास वाक्य हवं म्हणून लिहिलं, 'आणि बारावी, शेवटची लेव्हल तर अक्षरशः डोळ्यांत पाणी आणते!' शेवटची लेव्हल तशीच असणार, असा तिचा अंदाज. अंदाज बरं का, मंडळी!

संध्याकाळी हितेंद्रचा फोन आला.

"ताई, कसे आभार मानू? तुमचा लेख मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. पुण्याला छोट्या गेमवाल्यांचा मेळावा आहे, तिथल्या अर्जाला तुमचा लेख जोडलाय. गेम मे महिन्यात पाठवायचा, मग परीक्षक स्वतः तो पूर्ण खेळणार. दहा गेम निवडणार, आणि त्यांना वर्षभर शिकवणारी माणसं, मदत, सगळं! निवड झाली तर बाबा मला हेच करू देणार आहेत. नाही झाली तर सुरत. मामांचं साड्यांचं दुकान आहे तिथं."

"होणार रे, नक्की होणार!" कामिनी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. वाटायला काय लागतं?

पंधरा दिवस गेले. मे महिन्यातला शुक्रवार. कामिनी कॉलेजातून घरी आली तर जिन्याच्या पहिल्याच पायरीवर झुंबरअक्का बसलेली. अक्का तळमजल्यावर राहायची. माहेर पारोळ्याचं, बोलणं अजून अस्सल तिकडचं. उन्हाळ्यात सगळ्या इमारतीची गच्ची तिच्या ताब्यात. तिच्या हातचे बिबडे पार चाळीसगावपर्यंत जायचे. ऑर्डरी घ्यायला म्हणून भाच्याने तिला मोबाईल घेऊन दिला होता, आणि कामिनीनेच तिला 'वाळवण'ची लिंक पाठवली होती, तेवढाच एक स्टार वाढेल म्हणून.

"व माय, आली का तू?" अक्काने मोबाईल पुढे केला. "हाऊ खेळ बिघडना का मना मोबाईल बिघडना, देख बरं. चार दिन व्हयनात, मी नववी लेव्हलले अडकेल शे. एक बिबडा वाळसच नई!"

"अक्का, तुम्ही गेम खेळताय?"

"मंग काय करू? तू म्हननी स्टार दे. ते स्टार कठे देतस माले समजनं नई. म्हनीसन खेळत बसनी."

कामिनीला हसू आलं. ती पायरीवर टेकली आणि मोबाईल हातात घेतला. नववी लेव्हल. चार खाटा. तीन खाटांवरचे बिबडे खडखडीत वाळून सोनेरी झालेले. चौथ्या खाटेच्या टोकाला एकच बिबडा, ओला गिच्च. शेजारच्या घराच्या पाण्याच्या टाकीची सावली बरोब्बर त्याच्यावर. ऊन सरकत होतं, सावलीही सरकत होती, पण त्या टोकावरून काही हलत नव्हती. कामिनीने वाट पाहिली. बिबडा काढून पाहिला, निघेना. दुसरीकडे थापून पाहिला, जागा नाही. लेव्हल पहिल्यापासून खेळून पाहिली. पुन्हा तेच! पुढे जायचं बटण काही केल्या उजळेना.

ती भराभर गेमखालचे अभिप्राय वाचू लागली. तेराशे सोळा माणसं! 'सुपर!' 'खान्देशचा अभिमान!' 'शेवटपर्यंत खेळलो, खूप मजा आली!' शेवटपर्यंत? कुणी? कसं? नववीच्या पुढे जाणं शक्यच नव्हतं! आणि सगळ्यात वर, पिवळ्या चौकटीत, हितेंद्रने अभिमानाने लावलेलं तिचंच वाक्य. डोळ्यांत पाणी आणणारी बारावी लेव्हल.

अक्का तिच्या तोंडाकडे बघत होती. तीस वर्षं बिबडे विकलेली बाई, माणूस ओळखायला तिला काय वेळ लागणार!

"कामिनी, खरं सांग. तू कितली लेव्हल खेळनी?"

"...तीन."

"आनि लिखं काय? शेवटली देखीसन डोयामा पानी येस?"

कामिनी हळूच म्हणाली, "अक्का, त्याचा गेम उद्या पाच वाजता पुण्याला जायचाय. सगळं छान चाललंय. आता कशाला त्याला सांगायचं? बिचारा खचून जाईल. कदाचित परीक्षकसुद्धा तितके पुढे जाणार नाहीत."

बस्स! अक्काने कपाळावर हात मारला.

"आनि ग्या तं? आनि खेळनात तं ते पुरा? ते अडकतीन, आनि ह्या पोरगाले घरी बसाडतीन. तठे तो बठेल शे, त्याले वाटस सगळं चांगलं शे. त्याले कोन सांगी? तू?" मग ती जरा जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "देख बेटा, मी तुले बिबडा दिधा. तू तोंडमा टाकाना आदीच 'भारी शे अक्का' म्हननी, तं ते कौतुक बिबडानं शे का? नई. ते तुनं स्वतानं शे. देखा, मी कितली चांगली बाई शे! माले तसलं कौतुक काय कामनं? माले सांग का मीठ जास्त शे. मी उद्या कमी टाकसू."

जिन्यात दोघीच होत्या. तरी कामिनीला वाटलं, चार माणसांसमोर कुणी कान पकडला. क्रिकेटच्या गेमवर खरं लिहिणारी ती, कधी अशी होऊन बसली? वाचकांना फसवलं ते वेगळंच, पण ज्याचं भलं करायला निघाली त्यालाच खड्ड्याच्या काठावर टाळ्या वाजवून नेलं होतं!

तिने तिथल्या तिथे हितेंद्रला फोन लावला. "अरे, नववी लेव्हल... तू स्वतः खेळून पाहिलीस का अलीकडे?"

"नववी? छे हो ताई, सगळ्या तपासलेल्या आहेत." तो हसला. "एक मित्र म्हणाला ऊन सरकतं हवं, म्हणून लिंक सगळीकडे जायच्या आदल्या दिवशी तेवढा बदल केला. पहिल्या चार लेव्हल खेळून बघितला, छान चाललं. आणि तसं काही असतं तर एवढ्या लोकांत कुणी बोललं नसतं का? तुम्ही तर बारावीबद्दलसुद्धा लिहिलंय!"

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

"मी उद्या सकाळी धुळ्याला येते. घरीच थांब. काही पाठवू नकोस तोवर."

"मी बी येस," अक्का उठून पदर झटकत म्हणाली. "चाल, धुयाले जाऊ!"

सकाळी सातची एसटी. अक्काने डबा बांधून घेतला होता आणि सबंध वाटभर मोबाईल सोडला नाही. कंडक्टर तिकीट फाडायला आला, तर ही म्हणते, "थांब रे भाऊ, शेळी उनी!" कंडक्टरने दचकून मागे पाहिलं! बसमध्ये हशा पिकला. पारोळ्याला बस थांबली तेव्हा शेजारच्या सीटवरची दोन मुलं अक्काच्या खांद्यावरून वाकून 'आजी, डावीकडे कावळा, डावीकडे!' म्हणून ओरडत होती. कामिनी मात्र खिडकीला डोकं टेकून एकच वाक्य घोळवत होती. मी खोटं लिहिलं. मी खोटं लिहिलं.

हितेंद्रचं घर बसस्टँडपासून दहा मिनिटांवर. दार त्याच्या आईने, हेमलताबाईंनी उघडलं. त्यांचे हात पिठाने भरलेले, कारण वर गच्चीवर त्यांचंही वाळवण चाललेलं. वडील जीवरामभाऊ कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. हितेंद्र धावत पुढे आला, पाया पडायला वाकला. कामिनीने त्याला मधेच धरलं.

"थांब. आधी ऐक. हितेंद्र, मी तुझ्या गेमच्या फक्त तीन लेव्हल खेळले. बारावी मी पाहिलेलीच नाही. कुणीच पाहिलेली नाही, कारण नववीच्या पुढे जाताच येत नाही. मी खोटं लिहिलं."

अक्काने मोबाईल पुढे धरला. हितेंद्रने पाहिलं. टाकीची सावली, ओला बिबडा. त्याने दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. मग खुर्चीत मटकन बसला.

"पंधरा दिवस..." तो पुटपुटला. आणि एकदम उसळला! "तेराशे माणसं, ताई! तेराशे! एकालाही दिसलं नाही? मी रोज रात्री त्यांची नावं वाचायचो. वाटायचं, इतकी माणसं माझ्या गच्चीवर येऊन गेली! एकसुद्धा नाही आला? एकसुद्धा?"

त्याचे डोळे भरून आले. जीवरामभाऊंनी वर्तमानपत्राची घडी घातली. कामिनीला वाटलं, जमीन दुभंगावी.

"एक उनी ना!" अक्काचा खणखणीत आवाज. "मी उनी ना! आठ लेव्हल खेळनी, नववीले चार दिन बठेल शे. मी मानूस नई का?"

हितेंद्रने वर पाहिलं. त्या बाईकडे तो असा बघत राहिला, जसा आठ दिवसांचा उपाशी ताटाकडे बघतो.

"अक्का," तो सावकाश म्हणाला, "तुम्हाला काय काय दिसलं ते सगळं सांगा. काही राखून ठेवू नका."

"सगळ्यात आदी हाई सांग, तुनी गच्चीवर खाट हालत काबरं नई? ऊन सरकनं का खाट ओढनी पडस. हाई बी सांगनं पडस का?"

दोन वर्षं! दोन वर्षं त्याने कावळ्याच्या पंखांचे रंग निवडण्यात घालवली, पण खाट ओढायची असते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सावली हा अडथळा नव्हताच मुळी. सावली म्हणजे तर खेळ होता!

"अरे, मी रोज ओढते की वर," दारातून हेमलताबाई म्हणाल्या.

"आई! मग तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? 'आई, पाच स्टार दे' म्हणालास. मला कुठं जमतं ते? शेजारच्या कौतिकच्या हातून बटण दाबून घेतलं आणि दिले."

आता हितेंद्रचाच चेहरा पडला. खरंच की! त्याने तरी कुणाला कुठे विचारलं होतं, कसा वाटला म्हणून? त्यानेही स्टारच मागितले होते. लोकांनी मागितलं ते दिलं.

घड्याळात साडेदहा वाजले होते. पाच वाजता गेम पाठवायचा. साडेसहा तास!

आणि मग त्या घरात जी धांदल उडाली, काय सांगू! हितेंद्र संगणकाला चिकटला. कामिनी वही घेऊन बसली. अक्का बोलायची, ही लिहायची. हेमलताबाई दर पंधरा मिनिटांनी वर जाऊन खाट ओढायच्या आणि खाली येऊन सांगायच्या की एवढ्यात सावली कुठं पोचली. पहिल्या खेपेला खाट सरकली, पण बिबडे तिथंच हवेत लटकले! दुसऱ्या खेपेला खाट ओढताच सगळे बिबडे भुर्रकन आभाळात! अक्का हसून हसून खोकायला लागली. जीवरामभाऊ, जे सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, तेही पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, खाट रिकामी ओढताना हलकी असते, भरलेली जड असते. तशी कर ना." हितेंद्रने मागे वळून वडिलांकडे पाहिलं. गेमबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलले होते!

तीन वाजता खाट नीट सरकू लागली. भरलेली सावकाश, रिकामी झटक्यात. साडेतीनला अक्का खेळायला बसली. नववी लेव्हल. सावली पुढे आली. अक्काने खाटेला बोट लावलं आणि ओढली. ऊन पडलं. ओला बिबडा कडेने सुकत आला, मग मधून, मग सोनेरी झाला!

"वाळना!" अक्का ओरडली. "वाळना रे!"

घरात आरोळीच उठली! पण थांबायला वेळ कुठे? दहावी. अकरावीला वावटळ इतकी जोरात की अक्का दोनदा हरली. "विटा थोड्या जड कर!" केल्या. आणि बारावी. तिथं आख्ख्या गल्लीची वाळवणं होती, घरोघरच्या खाटा, आणि शेवटी फडकं उलटं करून पाठीमागून पाण्याचा हात फिरवत एकेक बिबडा सोडवायचा. अक्काचं बोट हळूहळू फिरत होतं. शेवटचा बिबडा सुटला तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका एका खाटेवर टेकल्या आणि चहा प्यायल्या. एवढंच. कामिनी मागे उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण छाती अशी भरून आली की बोलता येईना.

अक्काने मोबाईल खाली ठेवला आणि ती म्हणाली, "चांगला शे. पन कावळा भलताच येस. इतला कावळा धुयामा बी नई."

"कमी करतो!" हितेंद्र हर्षाने ओरडला. दोन वर्षांत त्याला इतकं छान कुणी काही बोललं नव्हतं!

साडेचारला गेम पाठवायला घेतला आणि लाईट गेली. मे महिना, धुळं! पंखा थांबला, संगणकाच्या पोटातल्या बॅटरीने तेवढा धीर धरला, पण इंटरनेट ठप्प. कामिनीने आपला मोबाईल जोडून दिला. घरात रेंज एकच काडी. "गच्चीवर!" जीवरामभाऊ म्हणाले आणि स्वतः संगणक उचलून जिना चढू लागले. गच्चीवर खऱ्या खाटांच्या मधे, खऱ्या बिबड्यांच्या वासात, पाच माणसं एका पडद्याभोवती श्वास रोखून उभी. ऐंशी टक्के. ब्याऐंशी. ब्याऐंशीवरच अडकलं! अक्काने मनातल्या मनात सगळे देव बोलावले. एक्याण्णव. शंभर! पाचला सहा मिनिटं कमी!

परतीच्या बसमध्ये कामिनीने 'मोकळा डाव'वरचा जुना लेख काढून टाकला आणि नवा लिहिला. पहिलंच वाक्य, 'वाचकहो, वाळवणवर मी आधी जे लिहिलं ते गेम पूर्ण न खेळता लिहिलं. ती फसवणूक होती, आणि ती माझी होती.' पुढे काय छान आहे ते लिहिलं, काय अजून कच्चं आहे तेही लिहिलं. विटा अजून हलक्या वाटतात. शेळीचा आवाज म्हशीसारखा आहे. खाट ओढण्यातली मजा मात्र दुसऱ्या कुठल्याच गेमात नाही. आणि खाली साडेतीन स्टार.

ग्रुपवर आग लागली! तोताराम नाना तर भडकलेच. 'ताई, आपल्याच मुलाला साडेतीन? ऐन वेळी? हे शोभते का?' कामिनीने हात जोडून एकच ओळ लिहिली, 'नाना, चुकलं असेल तर माफ करा, पण आधी नववी लेव्हल खेळा आणि मग मला बोला.'

नाना चार दिवस गायब. पाचव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन! "कामिनीताई, ते राहू द्या. मी अकरावीला अडकलोय. त्या वावटळीत विटा ठेवायच्या कशा? आणि खरं सांगतो, ती शेळी... ती शेळी नाहीच हो, म्हैस आहे!" नंतर नानांनी स्वतःच ग्रुपवर लिहिलं, 'मी पूर्वी न खेळता पाच स्टार दिले व तुम्हाला द्यायला लावले. मुख्याध्यापक असताना उत्तरपत्रिका न वाचता गुण देणाऱ्याला मी घरी पाठवले असते. सर्वांनी गेम खेळावा व काय वाटले ते हितेंद्रला कळवावे.' गेमचे स्टार त्यानंतर पाचावरून चारावर आले. हितेंद्रकडे मात्र पहिल्यांदाच पत्रं यायला लागली. 'माझ्या मुलीला लाल फडकं हवंय.' 'सासूबाई विचारतात, कुरडया कधी?'

निकाल पुढच्या रविवारी होता. दुपारी फोन वाजला. हितेंद्र इतका धापा टाकत होता की कामिनीला काही कळेना.

"ताई! सहा चुका! परीक्षकांनी सहा चुका काढल्यात!"

कामिनी ओरडली, "अरे देवा... मग?"

"मग काय! सहाच्या सहा नववीच्या पुढच्या! दहावीतली एक, अकरावीतल्या तीन, बारावीतल्या दोन! ते खेळले, ताई! शेवटपर्यंत खेळले! आणि शेवटी लिहिलंय, भरलेली खाट ओढताना बोटाला वजन लागतं, हे आम्ही आजवर कुठे पाहिलं नाही. दहांत निवड झालीय! बाबांनी आत्ताच मामांना फोन केला, पोरगा सुरतेला येत नाही म्हणून!"

निवड झाल्याचं त्याने शेवटी सांगितलं, मंडळी. आधी सांगितल्या त्या चुका! तेराशे 'सुपर' वाचून जो पोरगा रोज झोपायचा, तो आज सहा चुकांनी नाचत होता. का ते कामिनीला कळलं, आणि ती ग्रंथालयातून सुट्टी मिळाल्यासारखी खाली पळाली, अक्काला सांगायला.

तर सज्जनहो, सांगायचं एवढंच. आपल्या माणसाचं कौतुक जरूर करा, तोंडभरून करा! पण न बघता केलेलं कौतुक म्हणजे त्याच्या दारावरून नुसतं जाणं, आत न येताच. गेम असो, कविता असो, कुणाच्या सुनेचं नवं दुकान असो, त्याला तुमचे स्टार नकोत, त्याला तुमची पंधरा मिनिटं हवीत. पुढच्या वेळी कुणी लिंक पाठवली की आधी ती उघडा. खेळा, चाखा, वाचा. आणि जिथे अडकाल, तिथून त्याला फोन लावा. त्याने दोन वर्षं त्याच फोनची वाट पाहिलेली असते.